कप्तानाच्या गणवेशाचा रंग

७ जानेवारी

दादा,

तीर्थरूप, साष्टांग नमस्कार वगैरे लिहीत नाही. डोक्याला टाके पडलेल्या माणसाला एवढा मान एकदम झेपायचा नाही. घरी आलास हे कळलं, बरं वाटलं. लिफ्ट दुरुस्त करण्यात तुझे केस पांढरे झाले आणि शेवटी लिफ्टच्याच खड्ड्यात पडलास, याला काय म्हणावं! दवाखान्यात पट्ट्यांमधून एक डोळा उघडून मला म्हणालास, "भोंग्या, जा घरी, पेशंट झोपलेत." तेव्हाच मला कळलं की आत सगळं ठीक आहे.

फोन करत नाही. फोनवर तू आधीच तीन शब्दांचा माणूस, आणि फोन उचलणार वहिनी. तिच्याशी माझं बोलणं कधीपासून बंद आहे तुला माहीतच आहे. आपला जुना टीव्ही भंगारवाल्याला देताना एका शब्दाने तरी विचारायचं होतं. असो.

परवा दुकानात एक बाई भिंतीचा खरवडलेला तुकडा घेऊन आली. म्हणाली, अगदी हाच रंग कालवून द्या. मी दिला. यंत्राने तपासला, तोच. डोळ्यांनी पाहिला, तोच. संध्याकाळी बाई परत हजर. भिंतीवर लावल्यावर ठिगळ दिसतंय म्हणे. आणि खरंच दिसत असणार, कारण जुन्या भिंतीने ऊन खाल्लेलं असतं, धूर खाल्लेला असतो, ते डब्यात कुठून आणायचं? मला लगेच टीव्हीवरची आपली 'दूरची गस्त' मालिका आठवली. दूरदूरच्या ग्रहांवर फिरणारं ते जहाज, धुक्याच्या ग्रहावर गेलेल्या माणसांच्या हुबेहूब प्रती, आणि आपण त्यांना ठेवलेलं नाव, 'नकल्या'. तोच चेहरा, त्याच आठवणी, नकल्याला स्वतःलाही ठाऊक नाही की तो नकल्या आहे. मग ओळखायचं कसं? मी म्हणायचे, संशय आला की दाराबाहेर. तू म्हणायचास, असू दे ना, जहाज चालवतोय ना नीट? माझं मत अजून बदललेलं नाही. एक खरा असतो, दुसरा ठिगळ असतो.

आता नेहमीप्रमाणे पहारा-प्रश्न. बाहेरून आलेल्याला दोन दारांच्या मधे उभं करून प्रश्न विचारल्याशिवाय आत घ्यायचं नाही, हा जहाजाचा नियम आणि आपल्या पत्रांचाही. तर सांग, जहाजाचा यंत्रज्ञ धुक्यातून परत आला तेव्हा कप्तानाने त्याला पहिला प्रश्न कोणता विचारला?

तुझी,
भोंगा


१९ जानेवारी

प्रिय भोंगा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, आनंद झाला. हात अजून थरथरतो म्हणून टाइप करत आहे, राग मानू नकोस. जेवणखाण, औषधं वेळेवर चालू आहेत. तुझ्या वहिनीची मात्र फार धावपळ होते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: "तुझ्या आईच्या खोलीला खिडक्या किती होत्या?" असं कप्तानाने विचारलं. यंत्रज्ञ म्हणाला, "दोन, पण एक कधीच उघडत नसे." नकल्यांबद्दलचं तुझं म्हणणं मला पटतं. सावध राहिलेलं बरं.

एक गोष्ट मात्र डोक्याला मार लागल्यामुळे आठवत नाही. यंत्रज्ञ खरा आहे हे कप्तानाला शेवटी कशाने पटलं? तुला आठवत असेल तर सविस्तर लिही.

तुझा,
दादा


२५ जानेवारी

दादा,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. दुकानातल्या पोऱ्याने विचारलं, काही वाईट बातमी आहे का. मी नाही म्हणाले, पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तू मला 'प्रिय' कधीपासून लिहायला लागलास? तुझं पत्र म्हणजे "भोंग्या, जिवंत आहे," इथून सुरू होतं. 'अनेक आशीर्वाद' तर तू माझ्या लग्नातही दिले नव्हतेस, मांडवात उभा राहून नवरदेवाला विचारलं होतंस, "आवाजाची सवय आहे ना?" आणि जन्मात पहिल्यांदा पहारा-प्रश्नाचं उत्तर बरोबर! तू नेहमी चुकीचं उत्तर देतोस आणि वर मालिकावाल्यांनाच चूक ठरवतोस. शिवाय 'तुझं म्हणणं मला पटतं'. हे वाक्य तुझ्या हातून लिहिलं गेलं असेल तर हात थरथरणारच.

चेष्टा करतेय. बहुतेक.

आणि यंत्रज्ञाचं म्हणशील तर, कशाने पटलं हे कुणालाच माहीत नाही. हे तू कसा विसरलास? भाग संपतो तेव्हा तो दोन दारांच्या मधेच उभा असतो, काचेवर तळहात टेकून. सगळी उत्तरं बरोबर देऊनही. पुढच्या भागात तो आतमध्ये काम करताना दिसतो आणि कुणी काही बोलत नाही. त्याला आत का घेतलं यावरून तुझंमाझं इतकं वाजलं की आईने टीव्हीच बंद केला होता. डोक्याला मार लागला की माणूस नावं विसरेल, तारखा विसरेल. भांडण विसरेल?

आजारपणाने माणूस बदलतो म्हणतात. मऊ होतो, देवमाणूस होतो. असेलही. पण मग जो बदलला तो तूच का, हे मी कुणाला विचारू? आपण त्या मालिकेला पोरखेळ समजत होतो, पण प्रश्न खराच होता. आठवणी म्हणजे माणूस, की खोडी म्हणजे माणूस? माझी शंका अशी आहे की आठवणी कुठूनही मिळवता येतात. खोडी ज्याची त्यालाच येते.

आजचा पहारा-प्रश्न सोपा आहे. कप्तानाच्या गणवेशाचा रंग कोणता?

भोंगा


९ फेब्रुवारी

प्रिय भोंगा,

रागावू नकोस. तब्येतीमुळे लिहिण्यात बदल झाला असेल. कप्तानाचा गणवेश राखाडीकडे झुकणारा निळा होता, खांद्यावर तांबडी पट्टी, आणि बाह्यांची शिलाई आत दुमडलेली.

तू म्हणतेस यंत्रज्ञाला आत का घेतलं ते दाखवलंच नाही. मग तूच सांग. तू पहाऱ्यावर असतीस, आणि समोरचा माणूस सगळी उत्तरं बरोबर देत असता, तरी तुझी खात्री पटत नसती, तर त्याने अजून काय करायला हवं होतं? काय केलं की तू दार उघडलं असतंस? हे मला लवकर कळव. उशीर करू नकोस.

दादा


१४ फेब्रुवारी

पत्र लिहिणाऱ्यास,

तुम्ही जे कोणी असाल, माझा दादा नाही आहात.

आमचा टीव्ही काळापांढरा होता. आम्ही 'दूरची गस्त' त्याच्यावरच पाहिली, सगळी. कप्तानाचा गणवेश आमच्यासाठी करडा होता, इतर सगळ्या जगासारखा. दादा म्हणायचा पिवळा, मी म्हणायचे हिरवा. शेंबडी पोरं होतो तेव्हापासून हे भांडण चालू आहे. पुढे मालिका रंगीत बघायला मिळायला लागली तेव्हा आम्ही शपथ घेतली, दोघांनीही ती बघायची नाही. माझा सगळा जन्म रंग कालवण्यात चाललाय आणि हा एक रंग मी जाणूनबुजून माहीत करून घेतलेला नाही. तो आज तुम्ही मला सांगून टाकलात. राखाडी निळा! तेवढ्यासाठीही मी तुम्हाला माफ करणार नाही.

आणि बाह्यांची शिलाई आत दुमडलेली आहे हे कोण बघतं? कपडे उसवून मापात बसवणं ज्याचा धंदा आहे, तोच. तेव्हा वहिनी, आता लपवू नका. दादाच्या नावाने पत्रं का लिहिता? तो लिहीत का नाही? तो घरी तरी आहे का, की कुठल्या संस्थेत नेऊन ठेवलात आणि इकडे मला आशीर्वाद पाठवताय? कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते मुरवणारं घरातलंच आहे.

उत्तर आलं नाही तर मी येतेय. उत्तर आलं तरी येतेय.


२० फेब्रुवारी

भोंगाताई,

हे हाताने लिहितेय. माझं अक्षर तुम्ही ओळखाल. ज्या दिवशी टीव्ही गेला त्या दिवशी तुम्ही मला जे पत्र लिहिलंत, त्याला मी या अक्षरात एका ओळीचं उत्तर दिलं होतं.

तो घरीच आहे. खातो, झोपतो, पायऱ्या चढतो, शेजारच्यांना ओळखतो, लिफ्टचा आवाज ऐकून कुठला पट्टा घासतोय ते सांगतो. फक्त मी त्याची बायको नाही असं त्याला वाटतं. दवाखान्यातून आल्यावर थोड्याच दिवसांत सुरू झालं. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून माझ्याकडे बघत बसायचा. मग एकदा सभ्यपणे म्हणाला, "बाई, तुम्ही अगदी तिच्यासारख्या दिसता. ती कुठे आहे?"

मी हसले. मग लग्नाचे फोटो दाखवले. मग रडले. तो फोटो बघून म्हणाला, "हो, ही ती. तुम्ही नाही." डॉक्टर म्हणतात मेंदूला मार लागला की असं होतं. चेहरा ओळखू येतो, पण आपलं माणूस असल्याची खूण पटत नाही. बरं होईल, कधी होईल सांगता येत नाही. त्याला विरोध करू नका, वाद घालू नका, गोड बोला. मी तसंच करतेय. तो म्हणेल त्याला हो म्हणते.

आता तो खोलीला आतून साखळी लावतो आणि फटीतून मला प्रश्न विचारतो. तुमच्या त्या मालिकेतले. मी ती कधी पाहिली नव्हती. तुम्ही दोघं तिच्यावर बोलायला लागलात की मी शिलाईयंत्राकडे जायची, खरं सांगते, मला कंटाळा यायचा. आता पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, मांडीवर दुसऱ्यांच्या पॅन्ट्स उसवत. उत्तरं पाठ केली. त्याने गणवेशाचा रंग विचारला, मी बरोबर सांगितला. तो फटीतून म्हणाला, "तुम्हाला फारच माहीत आहे," आणि दार लावून घेतलं.

तुम्हाला माझ्या नावाने लिहिलं असतं तर पाकीट फोडलं असतंत का? त्याला लिही म्हटलं, तर पेन खाली ठेवून म्हणाला, बाई, माझ्या बहिणीला यात ओढू नका. म्हणून मी तो झाले. मला वाटलं, तुम्ही दोघांनी ते सगळं जगून काढलंय, दारात अडकलेल्याला आत कसं घ्यायचं हे तुम्हाला माहीत असेल.

तुमची पत्रं त्याला वाचून दाखवते. तेवढा वेळ तो मला बाई म्हणत नाही. नुसतं "पुढे" म्हणतो.

या. मला ठिगळ म्हणायचं असेल तर येऊन म्हणा.

वहिनी


६ मार्च

वहिनी,

घरी पोचले. निघताना तुझा हात धरायचा होता, धरला नाही, म्हणून हे लिहितेय. ('तुम्ही' गेलं, बघ. माझ्या लक्षात येईपर्यंत लिहून झालं होतं.)

मी आले तेव्हा तू औषधं आणायला गेली होतीस. तू परत आलीस तेव्हा आम्ही दोघं टेबलाशी बसलो होतो, आणि तुला वाटलं, बहीण म्हटल्यावर याने लगेच ओळखलं. तुझा चेहरा मी पाहिला. पिशवी हातातच होती तुझ्या. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण मला स्वतःलाच अजून उलगडलं नव्हतं. आता सांगते.

त्याने मला ओळखलं नव्हतं. दार साखळीपुरतं उघडलं. एक डोळा, तोच, दवाखान्यातला.

"कोण?"

"मी."

"सगळे मीच म्हणतात. कप्तानाचा गणवेश?"

मी तुझं पत्र वाचून आले होते. विरोध करू नका, गोड बोला. आजारी माणूस, त्याचं मन राखायचं. माझ्या अंगात तेवढा शहाणपणा पहिल्यांदाच आला होता. मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "पिवळा, दादा. तूच बरोबर होतास."

वहिनी, त्याचा चेहरा असा पडला की काय सांगू. रागावला नाही. म्हणाला, "तूही का," आणि हळूच दार लावलं.

मी जिन्यात बसले. मला खरंच भीती वाटली की आत असलेलाच कुणीतरी दुसरा आहे आणि माझा भाऊ त्या खड्ड्यातून वर आलाच नाही. मग डोळ्यांत पाणी आलं, मग त्या पाण्याचा राग आला, मग त्याचाही राग आला. सगळा प्रवास करून मी आले आणि हा माणूस मला जिन्यात बसवतो? उठले आणि दारावर थाप मारून ओरडले, "पिवळा म्हणे! काविळीने पिवळा दिसत असेल तुला! हिरवा होता तो, हिरवा! मी दिवसभर रंग कालवते, तू मला शिकवतोस?" वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कठड्यावरून वाकून पाहिलं. राखाडी निळा आहे हे मला आता माहीत आहे, तरी त्या क्षणी तो माझ्यासाठी हिरवाच होता, देवाशपथ.

साखळी खाली पडली. दादा दारात उभा. म्हणाला, "एवढा वेळ का लावलास, भोंग्या?"

येताना गाडीत सगळा वेळ याचाच विचार करत होते. मी इतकी वर्षं नकल्या म्हणजे काय यावर तावातावाने बोलत आले आणि कळलं मला त्या जिन्यात. नकल्याला सगळं माहीत असतं आणि तो सगळ्याला हो म्हणतो, कारण त्याला आत यायचं असतं. आपल्या माणसाला आत यायची परवानगी नको असते. ते आतच असतं, म्हणून भांडतं.

आता मला एक सांग. डॉक्टरांनी सांगितल्यापासून तू त्याच्याशी एकदा तरी भांडलीस? अगं, तू! जिने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडव उतरायच्या आत त्याला बूट बाहेर काढायला लावले. जिच्यामुळे तो खिडकी अर्धीच उघडी ठेवायला शिकला. जिने मला न विचारता टीव्ही देऊन टाकला आणि वर लिहिलं, 'जागा अडत होती.' ती बाई कुठे गेली? मी दोन दिवस तुझ्या घरी राहिले आणि मलाही ती दिसली नाही. एक फार गोड बाई दिसली. चहात साखर जास्त झाली असं तो म्हणाला, तर म्हणाली, "हो, झाली असेल." वहिनी, चहात साखर नव्हतीच.

डॉक्टरांचं ज्ञान मोठं आहे, त्यांच्या औषधांना हात लावू नकोस. आणि मी सांगते तेच खरं असंही नाही, माझ्या अंदाजांवर मालिकावालेही कधी चालले नाहीत. पण मला तुझा संशय होता तो उगाच नव्हता, एवढं मात्र मी म्हणणार. घरात खरंच कुणीतरी बदललं होतं.

भोंगा


१८ मार्च

भोंगे,

तुझं पत्र आल्यावर मी आधी चिडले. कुणी कसं वागावं हे सांगायला तू कोण! मग लक्षात आलं, फार दिवसांनी चिडलेय.

तरी जमेना. इतके महिने जीभ आवरून धरली की ती सुटता सुटत नाही. दोनदा ठरवलं आणि दोनदा "बरं" म्हणून गप्प बसले. भीती वाटायची गं. गोड बोलून तो निदान घरात तरी राहतो, ओरडले आणि निघून गेला तर?

काल दुपारी कापायच्या टेबलावर एका गिऱ्हाईक बाईंचा फिकट रेशमी झगा पसरला होता. उद्या द्यायचा. मी खडू आणायला आत गेले, येऊन बघते तर झग्यावर पाना. ग्रीसने माखलेला, त्याचा तो आवडता, मोठा. त्याला दाराच्या बिजागरीशी खटपट करायची होती, हात रिकामा हवा होता, ठेवला.

ठरवून काही केलं नाही, खरं सांगते. तोंडातून आपोआप निघालं. "टेबल म्हणजे काय गॅरेज वाटलं तुला? हजार वेळा सांगितलंय, पाना कापडावर ठेवायचा नाही! हा झगा आता तुझी बहीण रंगवून देणार आहे का?" बरंच बोलले. तू जिन्यात बोललीस ते त्यापुढे अंगाईगीत. बूट काढले, खिडकी काढली, तुझ्या लग्नात तो काय बोलला तेही काढलं.

तो बिजागरी सोडून उभा राहिला. माझ्याकडे बघत राहिला, त्या स्वयंपाकघरातल्यासारखाच. मला वाटलं, संपलं. आणि म्हणाला, "कुठे होतीस तू इतके दिवस?"

तो जवळ आला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "इथे एक बाई येत होती. स्वभावाने चांगली आहे बिचारी. पण कशालाच नाही म्हणत नाही. जीव नकोसा झाला होता." मग पाना उचलला, झग्याकडे बघितलं आणि म्हणाला, "डाग फार नाहीये." मी म्हटलं, फार आहे. तो म्हणाला, नाहीये. संध्याकाळपर्यंत चाललं ते.

आज सकाळी पुन्हा 'बाई' म्हणाला. खोटं कशाला सांगू. पण खोलीला साखळी नव्हती, आणि मी फोटो आणायला धावले नाही. त्याने खिडकी सताड उघडली होती. मी जाऊन अर्धी लावली. त्याने उघडली. मी लावली. तो माझ्याकडे जरा संशयाने बघायला लागला, आणि मला त्या संशयात कालच्यासारखं काहीतरी दिसलं. खिडकी आत्ता अर्धी आहे.

त्या चांगल्या बाईबद्दल मात्र मला वाईट वाटतं. तिने खूप केलं त्याचं.

वहिनी

ता. क. आता मीही पहारा-प्रश्न विचारणार. जुना टीव्ही मी भंगारात दिला ते बरोबर केलं की चूक? उत्तर नीट रागावून लिही. मऊ लिहिलंस तर पुढचं पाकीट मी फोडणार नाही.